पाठ १८ : मातीची तबकडी आणि दुनळी बंदूक

वाचण्यापूर्वी

मित्रांनो, या पाठात आपण एक खेळ समजून घेणार आहोत. या खेळात बंदूक वापरतात. ‘बंदूक’ हा शब्द ऐकला की तुमच्या मनात सगळ्यात आधी काय येतं? सिनेमा, बातम्या, पोलीस, की ऑलिम्पिक? शेजारच्या मित्राशी दोन मिनिटं मराठीत बोला. मग खालचे शब्द मोठ्याने वाचा आणि पाठ सुरू करा.

नवे शब्द

तबकडी : बशीसारखी गोल, चपटी वस्तू
नळी : बंदुकीचा लांब, पोकळ भाग
दुनळी : दोन नळ्या असलेली
दस्ता : बंदुकीचा खांद्याला टेकणारा भाग
चाप : बोटाने मागे ओढायचा भाग
काडतूस : बंदुकीत भरतात ती नळकांडी
छर्रा (अनेकवचन : छर्रे) : काडतुसातला बारीक गोल दाणा
नेम : लक्ष्यावर रोखलेली नजर आणि हात
परवाना : सरकारने दिलेली लेखी परवानगी

१. हा खेळ कोणता?

इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एखाद्या शेताकडून ‘ठो, ठो’ असा आवाज येतो. तिथे बहुतेक वेळा क्ले शूटिंग चालू असते. एक यंत्र हवेत तबकडी फेकते. खेळाडू ती तबकडी जमिनीवर पडण्याच्या आत फोडतो. फुटली की एक गुण. खेळ ऐकायला इतका सोपा आहे.

तबकडीचा व्यास साधारण ११० मिलिमीटर असतो, म्हणजे ती तुमच्या तळहातापेक्षा थोडी मोठी. तिचे वजन सुमारे १०५ ग्रॅम. तिला ‘क्ले’ म्हणतात, पण आजची तबकडी मातीची नसते. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडीची पूड मिसळून ती साच्यात बनवतात. ती हवेत फेकताना फुटू नये, पण छर्रा लागला की लगेच फुटावी, म्हणून हे मिश्रण वापरतात.

खेळाडू तयार झाला की ‘पुल!’ असे ओरडतो. ‘पुल’ म्हणजे ‘ओढ’. पूर्वी यंत्राला दोरी बांधलेली असे आणि दुसरा माणूस ती ओढत असे. आता बटण दाबतात, पण शब्द तोच राहिला.

२. आधी कबुतरं, मग तबकड्या

या खेळाचा जुना इतिहास ऐकायला बरा वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात खोक्यांत जिवंत कबुतरं ठेवत. दोरी ओढली की खोकं उघडायचं, कबूतर उडायचं आणि माणूस गोळी झाडायचा. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवर नेमबाजीची स्पर्धा झाली होती.

अनेकांना हे क्रूर वाटू लागलं. कबुतरांऐवजी काचेचे पोकळ गोळे उडवून पाहिले गेले. पण फुटलेली काच शेतात पडून राहायची. मग १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची चपटी तबकडी तयार केली. पाण्यावर टप्पे खात जाणाऱ्या चपट्या वस्तू पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. सुरुवातीच्या तबकड्या खरोखर भाजलेल्या मातीच्या होत्या, आणि इतक्या टणक होत्या की छर्रे लागूनही काही वेळा फुटत नसत. ब्रिटनने १९२१ साली कायदा करून पकडून ठेवलेल्या पक्ष्यांना सोडून त्यांच्यावर गोळ्या झाडण्याचा खेळ बंद केला.

आजही इंग्रजीत या तबकडीला ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचं कबूतर म्हणतात. नाव तेवढं उरलं. पक्षी मात्र सुटले.

३. शॉटगन म्हणजे काय?

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१० साली त्या ५० मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. रायफलमधून एका वेळी एकच गोळी सुटते आणि समोरचं लक्ष्य हलत नाही. खेळाडू श्वास रोखून, शरीर स्थिर ठेवून नेम धरतो.

शॉटगनचं उलट आहे. लक्ष्य उडत असतं आणि खेळाडूलाही त्याच्याबरोबर वळावं लागतं. काडतुसात एक गोळी नसते. तीनशे-चारशे बारीक छर्रे असतात. ते नळीतून बाहेर पडले की पसरत जातात. तीस मीटरवर त्यांचा पसारा साधारण एक मीटर रुंद होतो.

क्ले शूटिंगमध्ये बहुतेक जण दुनळी बंदूक वापरतात. एक नळी वर, एक खाली. ही बंदूक मधून मोडल्यासारखी उघडते. उघडी बंदूक चालू शकत नाही, आणि नळ्या रिकाम्या आहेत की नाहीत हे लांबूनही दिसतं. नवशिक्यांना दुनळी देण्याचं हे एक मोठं कारण आहे.

बंदुकीच्या मापाला ‘बोअर’ म्हणतात. बारा बोअर म्हणजे काय? त्या नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्या. असे बारा गोळे मिळून एक पौंड वजन होतं. वीस बोअरच्या नळीत बसणारे वीस गोळे मिळून एक पौंड होतं. म्हणून आकडा मोठा, तर नळी बारीक!

४. कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये शॉटगन जवळ ठेवायची असेल तर पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो. तो पाच वर्षं चालतो. बंदूक घरी कुलपात ठेवावी लागते, इतर कुणाच्या हाती लागता कामा नये. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना जोडलेली शॉटगन हाताळायची असेल, तर एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीची देखरेख लागते.

मग नवीन माणसाने शिकायचं कसं? १९६८ च्या कायद्यात त्यासाठी सोय आहे. पोलिसांनी मान्यता दिलेल्या ठिकाणी आणि वेळी, परवाना नसलेली व्यक्तीसुद्धा तबकड्यांवर नेमबाजी करू शकते. म्हणूनच काही क्लबांमध्ये ‘एकदा करून बघा’ असे दिवस ठेवतात. बंदूक क्लबची असते आणि प्रशिक्षक शेजारी उभे असतात.

तुम्ही दुसऱ्या देशात राहत असाल तर तिथले नियम वेगळे असतील. ते आई-बाबांबरोबर शोधून काढा.

५. आधी नियम, मग बंदूक

हा भाग बोलीभाषेत दिला आहे, कारण मैदानावर नियम असेच सांगितले जातात.

बंदूक हातात घेतली की ती उघडी आणि रिकामी आहे का ते आधी बघायचं. ‘रिकामीच असेल’ असं कधीही धरून चालायचं नाही.

चालताना बंदूक उघडीच ठेवायची.

नळीचं तोंड कधीही माणसाकडे करायचं नाही. रिकामी असली तरी नाही, गंमत म्हणूनही नाही.

आपल्या जागेवर उभं राहिल्याशिवाय आणि प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय काडतूस भरायचं नाही.

चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही.

कान आणि डोळे झाकल्याशिवाय उभं राहायचं नाही. आवाज मोठा असतो आणि तबकडीचे तुकडे उडतात.

बारा बोअर आणि वीस बोअरची काडतुसं एकत्र ठेवायची नाहीत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत आत सरकून अडकतं. मग त्याच्या मागे दुसरं भरून चाप ओढला, तर नळी फुटू शकते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळी समोरच्या मोकळ्या बाजूला ठेवून थांबायचं आणि प्रशिक्षकांना सांगायचं.

खेळ संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. छर्रे बऱ्याचदा शिशाचे असतात आणि शिसं पोटात जाणं चांगलं नाही.

६. पहिला धडा : डोळा, पाय आणि गाल

डोळा. आपण उजव्या किंवा डाव्या हाताने लिहितो, तसाच आपला एक डोळा दुसऱ्यापेक्षा ‘जोरात’ असतो. कोणता, ते आत्ता करून पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या दिव्याकडे बोट दाखवा. आता डावा डोळा मिटा. बोट दिव्यावरच राहिलं, तर तुमचा उजवा डोळा जोरात आहे. बोट बाजूला सरकलेलं दिसलं, तर डावा.

उजव्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याचा डावा डोळा जोरात असेल, तर बंदूक भलतीकडेच रोखली जाते. अशा वेळी प्रशिक्षक चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावतात, किंवा बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायला शिकवतात.

पाय. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याने डावा पाय थोडा पुढे ठेवायचा. दोन पायांत खांद्याइतकं अंतर. वजन थोडं पुढच्या पायावर. मागे झुकून उभं राहिलं, तर बंदुकीच्या धक्क्याने तोल जातो.

गाल. आधी दस्ता गालाला लावायचा आणि लगेच खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा. गाल वर उचलला की नजर बदलते आणि छर्रे तबकडीच्या वरून जातात. दस्ता सैल धरला तर खांदा काळानिळा होतो. नवशिक्यांना हलकी काडतुसं देतात, बऱ्याचदा २१ ग्रॅम छऱ्यांची, म्हणजे धक्का कमी बसतो.

आणि नजर? नजर तबकडीवर. बंदुकीच्या टोकाकडे बघायचं नाही. चेंडू झेलताना आपण हाताकडे कुठे बघतो?

७. जिथे तबकडी असेल, तिथे!

नवशिक्यांचे छर्रे बहुतेक वेळा तबकडीच्या मागून जातात. का? थोडं गणित करू.

समजा, तबकडी तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे जाते आहे. तिचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ती तुमच्यापासून ३० मीटर लांब आहे. तेवढं अंतर कापायला छऱ्यांना साधारण ०.१ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तबकडी २० × ०.१ = २ मीटर पुढे गेलेली असते! म्हणजे तुम्ही बरोबर तबकडीवर नेम धरून चाप ओढला, तर छर्रे पोहोचतात तेव्हा तिथे कुणीच नसतं.

म्हणून नेम तबकडीच्या पुढे धरावा लागतो. याची एक सोपी पद्धत आहे. बंदूक तबकडीच्या मागून सुरू करायची, तिच्या वाटेवरून वेगाने फिरवायची, तिला ओलांडून पुढे जायचं आणि पुढे जाताजाताच चाप ओढायचा. चाप ओढल्यावरही बंदूक फिरवत राहायची. थांबलात, की छर्रे पुन्हा मागे पडले!

तुमच्यापासून सरळ लांब जाणाऱ्या तबकडीला मात्र एवढं पुढे धरावं लागत नाही. नवशिक्यांना पहिल्यांदा अशीच तबकडी देतात.

८. संवाद : आजी आणि नात

(नात तेरा वर्षांची आहे आणि इंग्लंडमध्ये राहते. आजी साताऱ्याला असते. दोघी व्हिडिओ कॉलवर बोलत आहेत.)

आजी : काय गं, काल फोन नाही केलास?

नात : आजी, काल आम्ही शूटिंगला गेलो होतो.

आजी : शूटिंग? कुठल्या सिनेमाचं?

नात : नाही गं! बंदुकीचं. तबकड्या फोडायच्या असतात.

आजी : अगं बाई! बंदूक? आईला माहितीये का?

नात : आई बरोबरच होती.

आजी : मला नाही बाई आवडलं हे. कुणाला लागलंबिगलं म्हणजे?

नात : मलापण आधी भीती वाटली. पण कोचनी पहिला अर्धा तास नुसते नियमच सांगितले. बंदुकीला हातसुद्धा लावू दिला नाही. आणि मग एका वेळी एकच काडतूस देत होते.

आजी : बरं. मग किती फोडल्यास?

नात : पहिल्या दहात एकही नाही.

आजी : एकही नाही?

नात : मला तर रडूच येत होतं. मग कोचनी माझे डोळे तपासले. माझा डावा डोळा जोरात आहे! त्यांनी चष्म्याला चिकटपट्टी लावली. तरी मी सारखी मागेच मारत होते.

आजी : मागे? अगं, लगोरीत तसंच होतं. पळणाऱ्या पोराच्या पाठीवर नेम धरलास, की चेंडू मागे पडतो. तो जिथे पोहोचणार तिथे चेंडू टाकायचा असतो.

नात : आजी! कोचपण हेच म्हणाले! तसं केलं आणि शेवटच्या पाचात दोन फुटल्या. नुसता काळा धूर झाला गं!

आजी : वा!

नात : पुढच्या महिन्यापासून क्लास आहे. पण आईने फॉर्मवर सही नाही केलीये. म्हणते, आधी आजीशी बोल.

आजी : माझ्याशी कशाला?

नात : कारण तुला आवडणार नाही, हे तिला माहितीये.

आजी : (थोडा वेळ गप्प) हे बघ, आपल्या घरातले दोघं मिलिटरीत होते. सुट्टीवर आले तरी बंदुकीच्या गप्पा कधी मारायचे नाहीत. आम्ही पोरं विचारायचो, तर विषय बदलायचे. म्हणून मला भीती वाटते.

नात : मी नको जाऊ का मग?

आजी : तसं नाही म्हणत मी. तीन गोष्टी कबूल कर. बंदूक घरी यायची नाही. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तू जायचं नाहीस. आणि एखाद्या दिवशी मन नसलं, तर ‘आज नको’ असं सरळ सांगायचं. लाजायचं नाही.

नात : कबूल. तिन्ही कबूल.

आजी : मला अजून पूर्ण पटलेलं नाहीये हं. पण आईला सांग, आजी ‘नाही’ म्हणाली नाही.

९. पुढे काय?

क्ले शूटिंगचे तीन मुख्य प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये तबकडी खेळाडूच्या समोरून लांब जाते. स्कीटमध्ये एक उंच आणि एक बुटकं अशी दोन घरं असतात, आणि तबकड्या एकमेकींना छेदत जातात. स्पोर्टिंगमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळी तबकडी येते. एखादी तर सशासारखी जमिनीवरून घरंगळत पळते! ट्रॅप आणि स्कीटमध्ये साधारण पंचवीस तबकड्यांची एक फेरी असते. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला, तरच ती फुटली असं मानतात. नुसती धूळ उडाली तर गुण नाही.

भारताच्या राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं. ते तेव्हा सैन्यात अधिकारी होते. २०२४ साली पॅरिसला ब्रिटनच्या नेथन हेल्स यांना ट्रॅपमध्ये सुवर्ण मिळालं, आणि अँबर रटर यांना स्कीटमध्ये रौप्य. अँबर यांचं बाळ तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं.

आणखी एक नाव लक्षात ठेवा : चीनच्या झांग शान. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये स्कीट हा पुरुष आणि स्त्रिया दोघांचा एकत्र खेळ होता. झांग शान यांनी २२५ पैकी २२३ तबकड्या फोडल्या आणि सगळ्यांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या, म्हणजे १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना स्कीट खेळताच आलं नाही. स्त्रियांची वेगळी स्कीट स्पर्धा २००० साली सुरू झाली. म्हणजे १९९६ साली आधीच्या सुवर्णपदक विजेत्या खेळाडूला ऑलिम्पिकमध्ये जागाच नव्हती. तुम्हाला हे कसं वाटतं?

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर द्या.
१. ‘पुल’ हा शब्द का वापरतात?
२. बारा बोअरची नळी मोठी की वीस बोअरची?
३. नातीला पहिल्या दहा तबकड्या का फोडता आल्या नाहीत? दोन कारणं सांगा.
४. आजीने कोणत्या तीन अटी घातल्या?

आ) गणित करा.
तबकडीचा वेग सेकंदाला १५ मीटर आहे. छऱ्यांना पोहोचायला ०.१ सेकंद लागतो. नेम किती पुढे धरावा लागेल?

इ) व्याकरण : ‘-ल्याशिवाय’
‘सांगितल्याशिवाय काडतूस भरायचं नाही’ म्हणजे आधी सांगणार, मगच भरायचं. क्रियापदाच्या भूतकाळी रूपाला ‘-याशिवाय’ लागतं : विचारलं – विचारल्याशिवाय, धुतलं – धुतल्याशिवाय, केलं – केल्याशिवाय. आता तुमच्या घरातले तीन नियम असे लिहा. उदाहरण : गृहपाठ केल्याशिवाय टीव्ही बघायचा नाही.

ई) बोलायचं आणि लिहायचं
बोलताना आपण ‘भरायचं’, ‘कबूतर उडायचं’, ‘मला आवडलं’ म्हणतो. छापील पुस्तकात बऱ्याचदा ‘भरायचे’, ‘कबूतर उडायचे’, ‘मला आवडले’ असे लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. भाग ५ मधले कोणतेही चार नियम लेखी भाषेत लिहा.

उ) वाक्प्रचार
अर्थ वाचा आणि प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.
दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे : आपलं काम दुसऱ्याला पुढे करून साधून घेणे
एका दगडात दोन पक्षी मारणे : एकाच कामात दोन फायदे मिळवणे
फुसका बार निघणे : खूप गाजावाजा होऊन शेवटी काहीच न घडणे
लग्नाचा बार उडवणे : लग्न थाटामाटात करून टाकणे

ऊ) चर्चा
आईने ‘आधी आजीशी बोल’ असं का सांगितलं असेल? तुम्ही आजीच्या जागी असता, तर काय म्हणाला असता? घरी कुणाला तरी हा संवाद वाचून दाखवा, त्यांचं मत विचारा आणि पुढच्या तासाला पाच वाक्यांत सांगा.

उत्तर (आ) : १५ × ०.१ = १.५ मीटर